आठ टोल : दीर्घ सागरप्रवासातील दिनचर्या

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शाळेच्या हीरक महोत्सवात समुद्रावरील जीवनाचा विषय कशासाठी, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या मनात आला असेल. त्याचे पूर्ण उत्तर भाषणाच्या ओघात मिळेल. तूर्त एवढेच सांगणे पुरेसे आहे की, शाळेप्रमाणे समुद्रावरही घंटा असते, वेळापत्रक असते, नेमून दिलेले काम असते आणि रोज भरावयाची वही असते. शाळेत यांपैकी काही चुकले तर दुसऱ्या दिवशी सुधारता येते. समुद्रावर तशी सवलत मिळेलच असे नाही.

१० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. नौकेवर सहा महिला अधिकारी होत्या. नेतृत्व लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्याकडे होते. प्रतिभा जामवाल, पी. स्वाती, ऐश्वर्या बोड्डापाटी, विजया देवी आणि पायल गुप्ता या त्यांच्या सहकारी. जोशी आणि गुप्ता उत्तराखंडच्या, जामवाल हिमाचल प्रदेशाच्या, बोड्डापाटी हैदराबादच्या, विजया देवी मणिपूरच्या. सागरकिनाऱ्यावरच्या विशाखापट्टणमच्या एकट्या स्वाती. उरलेल्या पाचही जणींच्या राज्यांना समुद्रकिनाराच नाही. ‘नाविका सागर परिक्रमा’ या नावाने ओळखली गेलेली ही मोहीम २१ मे २०१८ रोजी गोव्यातच पूर्ण झाली. एकूण २५४ दिवस लागले. त्यांपैकी १९९ दिवस प्रत्यक्ष समुद्रावर गेले.

अशा प्रवासाविषयी ऐकताना श्रोत्यांचे कुतूहल वादळाकडे, पर्वतप्राय लाटांकडे आणि केप हॉर्नच्या भयंकर भूशिराकडे धावते. ते स्वाभाविकच आहे. परंतु थोडे गणित मांडून पाहावे. पृथ्वीचा परिघ ३६० अंशांचा, प्रत्येक अंशाच्या ६० कला, आणि एका कलेइतके अंतर म्हणजे एक सागरी मैल. म्हणजे परिघ २१,६०० सागरी मैलांचा, साधारण ४०,००० किलोमीटरचा. तेवढे अंतर १९९ दिवसांत कापावयाचे, तर रोजची सरासरी सुमारे १०८ सागरी मैल येते. तासाला साडेआठ किलोमीटरही नाही. सायकलवरून शाळेत येणारा विद्यार्थी याहून वेगाने येतो. एवढ्या संथ गतीने पृथ्वीला वळसा घालणारी नौका पुढे जाते ती अहोरात्र न थांबल्यामुळे. म्हणून या प्रवासात खरे महत्त्व आहे ते वादळ नसलेल्या शेकडो साध्या दिवसांना, आणि आजचे विवेचनही त्या दिवसांविषयीच आहे.

प्रथम नौकेचे स्वरूप लक्षात घ्यावे. तारिणी गोव्यातील दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधली गेली. तिची लांबी साधारण १७ मीटर, म्हणजे दीड मोठ्या बसइतकी. डोलकाठी मात्र सुमारे २५ मीटर उंच. ओडिशातील गंजाम जिल्ह्यात तारा-तारिणीचे प्राचीन देवस्थान आहे. पूर्वी समुद्रावर जाणारे व्यापारी आणि खलाशी या देवतेचे स्मरण करून निघत. तिचेच नाव नौकेला दिले आहे. एवढ्याशा जागेत झोपण्याचे बंक, स्वयंपाकाचा कोपरा, नकाशाचे टेबल, धान्य, औषधे, सुटे भाग आणि शिडे मावावी लागतात. शिवाय वारा एका बाजूने भरला की नौका दुसऱ्या बाजूला कलते आणि कित्येक दिवस तशीच कललेली राहते. घराची जमीन वीस अंशांनी तिरकी करून ती सतत हलवीत ठेवावी, म्हणजे तेथील जीवनाची काहीशी कल्पना येईल. पायमोजा घालणे, पेल्यात पाणी ओतणे, जिना उतरणे या क्रिया तेथे नव्याने शिकाव्या लागतात. यासाठी खलाशांचा एक जुना नियम आहे : एक हात स्वतःसाठी, एक हात नौकेसाठी. काम एका हाताने करावयाचे. दुसऱ्या हाताने काहीतरी घट्ट धरलेले असावयाचे. रात्री अथवा उसळत्या समुद्रात वर जाताना कमरेचा पट्टा नौकेला बांधलेल्या दोरीत अडकविल्यावाचून कोणीही पाऊल टाकीत नाही. कारण पाण्यात पडलेला माणूस लाटांत काही क्षणांतच दिसेनासा होतो आणि शिडाची नौका मोटारीसारखी जागच्या जागी थांबत नाही.

आता वेळापत्रकाकडे वळू. आपल्याकडे अहोरात्राचे आठ प्रहर मानतात. प्रत्येक प्रहर तीन तासांचा. समुद्रावर अहोरात्राचे चार-चार तासांचे सहा भाग करतात आणि प्रत्येक भागास पहारा म्हणतात. जुन्या जहाजांवर घड्याळाऐवजी अर्ध्या तासाची वाळूची घटिका असे. ती उलटी करताना घंटेचा टोल देत. पहिल्या अर्ध्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, असे करीत चार तास भरले की आठ टोल पडत. आठ टोल म्हणजे एकाचा पहारा संपला आणि दुसऱ्याचा सुरू झाला. आज हातावर अचूक घड्याळे आहेत, यंत्रांवर वेळ झळकते, तरी ‘आठ टोल’ हा शब्दप्रयोग दर्यावर्दी लोकांच्या बोलण्यातून गेलेला नाही.

नौकेवर सहा जण असतील, तर दोघांचे तीन गट करता येतात. एक गट चार तास पहाऱ्यावर, मग आठ तास मोकळा. हिशेब सोपा वाटतो. पण त्यात एक अडचण आहे. सहा पहारे आणि तीन गट, म्हणजे प्रत्येक गटाच्या वाट्याला रोज तेच तास येणार. ज्यांच्या नशिबी मध्यरात्र ते पहाटे चार हा कठीण पहारा आला, त्यांना तो प्रवास संपेपर्यंत सोसावा लागणार. जुन्या दर्यावर्दींनी यावर एक युक्ती काढली. दुपारी चार ते रात्री आठ या पहाऱ्याचे त्यांनी दोन-दोन तासांचे दोन तुकडे केले. सहाचे सात पहारे झाले. सातास तिनाने भागले की बाकी एक उरते; त्यामुळे प्रत्येक गटाचा क्रम रोज एका घराने सरकतो. कोणा एकावर कायमचा भार राहत नाही आणि कोणास कायमची सवलतही मिळत नाही. विद्यार्थी मित्रहो, भागाकारातील बाकी कशास उपयोगी पडते, असा प्रश्न ज्यांना पडत असेल त्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. येथे एका बाकीने सर्वांना न्याय दिला आहे.

पहाऱ्यावर असणाऱ्यांचे काम काय? सुकाणू धरणे किंवा स्वयंचलित सुकाणूवर नजर ठेवणे, वाऱ्याची दिशा व जोर पाहून शिडे ताणणे अथवा सैल करणे, क्षितिजावर जहाजाचा दिवा दिसतो का ते पाहणे, आणि ठराविक वेळाने नोंदवहीत नौकेचे स्थान, दिशा, वेग, वारा आणि हवेचा दाब लिहिणे. पहारा संपण्यापूर्वी पुढच्या गटाला उठवावे लागते. थंड प्रदेशात ओल्या कपड्यांवर कपडे चढवून, बूट घालून, पट्टा बांधून तयार होण्यास बराच वेळ लागतो. त्यामुळे चारचा पहारा म्हणजे चारला जागे होणे नव्हे. चारला काही मिनिटे कमी असतानाच वर हजर होणे होय. डोळे अंधाराला सरावेपर्यंत जुन्या गटाने जागेवरच राहावयाचे. वारा कसा फिरला, कोणता दोर घासतो आहे, उजवीकडे दिसलेला दिवा कोणत्या दिशेने गेला, हे सर्व सांगून झाले आणि समोरच्याने ते समजल्याचे सांगितले, की मग सुकाणू हाती द्यावयाचे.

हा काही मिनिटांचा व्यवहार म्हणजे सागरी दिनचर्येचा कणा होय. खाली चार माणसे झोपलेली असतात. अंधारात, तीन-चार किलोमीटर खोल पाण्यावर, किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर त्यांना झोप येते. कारण वर कोणीतरी जागे आहे आणि ते लक्ष देऊन जागे आहे, याची त्यांना खात्री असते. वरचा माणूस पेंगला तर त्याची शिक्षा केवळ त्याला होत नाही. उशिरा येणारा माणूस तेथे थंडीने गारठलेल्या सहकाऱ्याच्या विश्रांतीतील मिनिटे चोरतो. एकमेकांवर एवढा विश्वास टाकणारी माणसे नेहमी एकमेकांची लाडकी असतात असेही नाही. दीड बसच्या जागेत महिनोन् महिने राहिल्यावर कोणाचे घोरणे, कोणाचा पसारा, कोणाचे मौनसुद्धा मनाला टोचू लागते. तरी आठ टोल पडले की चहाचा गरम पेला हातात देऊन पहारा स्वीकारावाच लागतो. भांडण दुसऱ्या दिवशीवर ढकलता येते. पहारा ढकलता येत नाही.

झोपेविषयी थोडे अधिक सांगावयास हवे. नौका कललेली असल्याने बंकाच्या कडेला कापडी आडोसा बांधतात. झोपणारा त्यात झोळीतल्या बाळासारखा पडून राहतो. कानाशी अवघ्या काही सेंटिमीटरांवरून पाणी घोंघावत जाते. दोर करकरतात, भांडी खणखणतात. नवख्याला पहिले काही दिवस झोप येत नाही. पुढे मात्र हे सर्व आवाज अंगाई होतात, आणि मग त्यांतील एखादा बदलला तरच जाग येते. मुरलेला खलाशी झोपेतही वाऱ्याचा बदल ओळखतो, तो असा.

स्वयंपाकघर हा कोणत्याही दीर्घ प्रवासाचा आत्मा. नौकेवरील शेगडी दोन खुंट्यांवर टांगलेली असते. नौका कितीही कलली तरी ती झोपाळ्यासारखी हलून सरळ राहते. शिजविणारा मात्र स्वतःला पट्ट्याने ओट्याशी बांधून घेतो. अशा वेळी प्रेशर कुकरसारखा सोबती नाही, कारण तो उलटला तरी आतील खिचडी सांडत नाही. बंदर सोडल्यावर आधी पालेभाज्या संपवावयाच्या, मग टोमॅटो आणि फळे, मग कोबी, शेवटी कांदे, बटाटे आणि लिंबे. अंडी काही दिवसांनी उलटी करून ठेवली की अधिक टिकतात. त्यानंतर डाळ, तांदूळ, कडधान्ये आणि डबाबंद पदार्थ. मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यदलांसाठी विकसित केलेल्या तयार जेवणाच्या पाकिटांसारखे पदार्थ अशा सफरीत, विशेषतः वादळी हवेत, फार उपयोगी पडतात. पाकीट गरम पाण्यात बुडविले की जेवण तयार. तीन महिने कोथिंबिरीचे पान न पाहिलेल्या माणसाला बंदरातील भाजीबाजार कसा दिसत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

लिंबाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. ताज्या फळांवाचून समुद्रावर गेलेल्या हजारो खलाशांचा पूर्वी स्कर्व्ही या रोगाने बळी घेतला. हिरड्या सुजत, जुन्या जखमा उघडत, माणूस खंगून मरे. १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील वैद्याने ‘सॉल्सबरी’ जहाजावर बारा रुग्ण घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री व लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. वैद्यकातील तुलनात्मक प्रयोगाचे हे आद्य उदाहरणांपैकी एक मानले जाते. क जीवनसत्त्वाचा शोध पुढे पावणेदोनशे वर्षांनी लागला. पण नीट निरीक्षण करणाऱ्याला उपाय आधीच सापडला होता.

पाण्याची गोष्ट तर अधिकच विलक्षण. चहूकडे पाणी आणि पिण्यास थेंब नाही. आधुनिक नौकेवर खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असते. परंतु यंत्र हे बिघडणारच, असे धरून चालावे लागते. म्हणून भांडी खाऱ्या पाण्यात धुवावयाची आणि भात किंवा बटाटे उकडताना थोडे समुद्राचे पाणी मिसळावयाचे. वेगळे मीठ लागत नाही. पाऊस आला की शिडावरून ओघळणारे पाणी बादल्यांत धरावयाचे. उष्ण कटिबंधात समुद्राच्या पाण्याने स्नान होते. दक्षिणेच्या थंडीत ओल्या कापडाने अंग पुसले की झाले. खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे कधीच पुरते वाळत नाहीत, कारण मीठ हवेतील दमटपणा ओढून घेते. घरी नळ उघडा ठेवून दात घासणाऱ्याने हे एकदा मनात आणून पाहावे.

दिवसाचा उरलेला वेळ देखभालीत जातो. शिडाच्या नौकेचा खरा शत्रू वादळाइतकाच घर्षण हा आहे. एखादा दोर कप्पीवर एकाच जागी घासत असेल, तर एका दिवसात तेथे हजारो वेळा घर्षण होते. वरून काही दिसत नाही. आतले तंतू तुटत जातात आणि एका रात्री, जोराच्या वाऱ्यात, दोर सटकन् तुटतो. म्हणून रोज उजाडल्यावर कोणीतरी सबंध नौकेवरून फेरी मारावयाची. प्रत्येक दोर, खिळा, पेच हाताने चाचपून पाहावयाचा. घासणारा दोर हातभर सरकवून भार दुसऱ्या जागी आणावयाचा. फाटलेले शीड लगेच शिवावयाचे. मोठी संकटे बहुधा अशा बारीक दुर्लक्षातून जन्म घेतात, हे समुद्र फार लवकर शिकवितो.

विषुववृत्ताच्या आसपास वारा पडतो. शिडे लोंबतात, नौका नुसती डुलत राहते. परिक्रमा शिडांवरच पूर्ण करावयाची असल्याने इंजिनाच्या बळावर पुढे सरकता येत नाही. अनेक दर्यावर्दींना वादळापेक्षा ही शांतता अधिक असह्य वाटते. वादळात करावयाचे काम स्पष्ट असते : दाबमापकातील घसरण वेळीच ओळखावी, शिडे आखडून लहान करावी, सर्व वस्तू बांधून ठेवाव्या, पोटात काही गरम घालून घ्यावे आणि पहारा चालू ठेवावा. निर्वातात मात्र वाट पाहण्याचेच काम असते. तरीही पहारे तसेच चालतात. वेग शून्य असला तरी वहीत शून्य लिहावेच लागते.

कष्टांच्या या हिशेबात आनंदाची बाजू विसरून चालणार नाही. रात्री पाण्यातील सूक्ष्म जीव चमकतात आणि नौकेमागे उजेडाची वाट उमटते. दक्षिणेच्या सागरात अल्बट्रॉस पक्षी पंख न हलविता तासन् तास सोबत करतात. आकाशही बदलते. ज्याच्या अढळपणाची कथा भारतीय मुले लहानपणी ऐकतात, तो ध्रुवतारा दक्षिणेकडे जाताना रोज थोडा खाली उतरतो आणि विषुववृत्तापाशी क्षितिजाआड जातो. दक्षिणेस गेलेल्या, समुद्र प्राशन करणाऱ्या अगस्त्य ऋषींच्या नावाचा तारा मात्र वर चढत जातो. दक्षिण अक्षांशाच्या चाळिशीपलीकडे तो मावळतच नाही. भूगोलाच्या पुस्तकातील वाक्ये तेथे डोळ्यांना दिसतात. पूर्वेकडे जात राहिल्याने दर पंधरा अंशांना घड्याळ एक तास पुढे करावे लागते, आणि परिक्रमा पूर्ण करणारा माणूस घरी राहिलेल्यांपेक्षा एक सूर्योदय अधिक पाहून येतो.

आता नोंदवहीविषयी. तीत जे लिहावयाचे ते खरेच असले पाहिजे, हा नियम किती गंभीर आहे हे १९६८ सालच्या एका शर्यतीने जगाला दाखविले. कोठेही न थांबता एकट्याने शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या त्या शर्यतीत नऊ जण उतरले. पूर्ण केली ती एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी. त्यांची ‘सुहेली’ ही अवघी ३२ फुटांची सागवानी नौका आपल्या मुंबईत बांधलेली होती. प्रवासाच्या आरंभीच तिचे पिण्याचे पाणी नासले, पुढे रेडिओ बंद पडला, स्वयंचलित सुकाणू मोडले. तरी ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते इंग्लंडला परतले.

त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट नावाचे गृहस्थ होते. नौका पुरती तयार नव्हती, डोक्यावर आर्थिक भार होता, परत फिरणे म्हणजे सर्वनाश वाटत होता. ते अटलांटिक महासागरातच फिरत राहिले आणि रेडिओवरून आपण पुढे गेल्याची खोटी स्थाने कळवीत राहिले. ते मागोमाग येत आहेत अशा समजुतीने नायजेल टेटली या दुसऱ्या स्पर्धकाने आपली नौका नको तेवढी दामटली. ती फुटून बुडाली, टेटली कसेबसे वाचले. आता क्रोहर्स्ट पोहोचले असते तर सर्वांत वेगवान ठरले असते आणि त्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या असत्या. १० जुलै १९६९ रोजी त्यांची नौका अटलांटिकमध्ये सापडली. तिच्यावर कोणी नव्हते. खरी नोंदवही मात्र होती, आणि तिने सारे सांगितले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी आपल्याला मिळालेले पाच हजार पौंडांचे पारितोषिक क्रोहर्स्ट यांच्या पत्नीस व मुलांस देऊन टाकले.

ही कथा कोणाचा उपहास करण्यासाठी सांगावयाची नाही. क्रोहर्स्ट दुष्ट नव्हते. एका खोट्या आकड्यानंतर दुसरा लिहावा लागला, आणि परतीची वाट त्यांना दिसेनाशी झाली. विद्यार्थ्यांनी यातून भीती घेऊ नये, धीर घ्यावा. चुकलेले गणित चुकलेले म्हणून दाखविता येते, अपयश अपयश म्हणून सांगता येते. मोठ्यांनी, म्हणजे पालकांनी आणि शिक्षकांनी, आपल्या घरात आणि वर्गात ते सांगण्याजोगे वातावरण राखले पाहिजे. परत फिरण्याची लाज जेथे फार मोठी केली जाते, तेथे खोट्या नोंदी होऊ लागतात.

भारताच्या सागर परिक्रमेचे स्वप्न निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी पाहिले. सातारा जिल्ह्यातील विंचुर्णीसारख्या, समुद्रापासून दूर असलेल्या गावी राहून त्यांनी या स्वप्नाचा पाठपुरावा केला. त्यातून गोव्यात, नदीचे नाव धारण करणारी ‘म्हादई’ नौका रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत आकारास आली. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात परत आले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रयाण केले आणि कोठेही न थांबता ही परिक्रमा पुरी केली.

एकट्याच्या नौकेवर पहारा सोपविण्यास दुसरे कोणी नसते. जहाजांच्या वाटेवर वीस-तीस मिनिटांची डुलकी घ्यावयाची, गजराने उठून क्षितिजभर नजर फिरवावयाची, पुन्हा पडावयाचे. स्वयंपाकी, सुतार, शिंपी, वैद्य, नकाशा पाहणारा, सर्व आपणच. अशा एकट्यालाही वेळापत्रकच तारते. ठराविक वेळी जेवावे, ठराविक वेळी वही भरावी, कोणी पाहत नसतानाही दोर चाचपावा. तेथे पर्यवेक्षक नसतो. शिस्तीचा खरा कस लागतो तो अशाच ठिकाणी.

तारिणीच्या पहिल्या परिक्रमेत न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरातून फॉकलंड बेटांच्या पोर्ट स्टॅनलेपर्यंतचा टप्पा सर्वांत लांब होता. सुमारे ४१ दिवस जमीन नाही. याच टप्प्यात, जानेवारी २०१८ मध्ये, केप हॉर्न ओलांडले गेले. पुढे केपटाउनही झाले. घर जवळ आले असे वाटत असतानाच हिंदी महासागरात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला. ठरलेल्या कार्यक्रमात नसताना मॉरिशसच्या पोर्ट लुईस बंदरात जावे लागले. नौका दुरुस्त झाली आणि मग सहाही जणी गोव्यास परतल्या. सात महिने प्रवास करून आल्यावर, घर हाकेच्या अंतरावर असताना थांबणे सोपे नसते. परंतु जे बिघडले ते बिघडले असे मान्य करून बंदराकडे वळणे हेही उत्तम नाविकपणाचेच लक्षण होय.

तारिणीची कथा तेथे संपली नाही. २ ऑक्टोबर २०२४ रोजी हीच नौका गोव्याहून पुन्हा निघाली. या वेळी नौकेवर दोघीच होत्या : लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि लेफ्टनंट कमांडर रूपा ए. जानेवारी २०२५ मध्ये त्या दक्षिण प्रशांत महासागरातील ‘पॉइंट निमो’ या स्थानावरून गेल्या. जमिनीपासून सर्वांत दूर असलेला हा सागरातील बिंदू. सर्वांत जवळचा किनारा तेथून सुमारे २,६८८ किलोमीटर. त्या ठिकाणी असलेल्या माणसाला कित्येकदा सर्वांत जवळची माणसे म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या अंतराळस्थानकातील अंतराळवीर असतात. दोघींच्या नौकेवर एक जागी असेल तेव्हाच दुसरीला झोप मिळणार. जगातल्या त्या सर्वांत एकाकी जागीही एक झोपू शकत होती, कारण दुसरी जागी होती. २९ मे २०२५ रोजी त्या सुखरूप परतल्या.

नौका तीच होती. सुकाणूवरचे हात बदलले होते. आज साठ वर्षे पूर्ण करणाऱ्या या शाळेचा इतिहासही याहून वेगळा नाही. महाराष्ट्रापासून दूर, इतर भाषांच्या विशाल परिसरात, ज्यांनी मराठीचे वर्ग प्रथम उघडले त्यांपैकी अनेक जण आज हयात नाहीत. त्यांनी आपला पहारा पूर्ण केला, पुढच्यांना वेळेवर उठविले, वारा कसा फिरतो आहे ते सांगितले आणि मगच सुकाणू हाती दिले. पटावरील मुलांची संख्या काही वर्षी रोडावली असेल, काही वर्षी वारा अगदी पडला असेल. तरी हजेरीची वही रोज भरली गेली. म्हणूनच शाळा आज येथवर आली आहे. दहा वर्षांनी मराठी वर्गांत किती मुले असतील, हा प्रश्न आज प्रत्येक मराठी शाळेपुढे उभा आहे आणि त्याचे सोपे उत्तर कोणाजवळ नाही. परंतु हाती आलेला पहारा जागेपणी करावा, घासणारे दोर रोज तपासावे, वहीत खरे तेच लिहावे आणि पुढच्यासाठी काही मिनिटे आधी उभे राहावे, एवढे तर प्रत्येकाच्या हाती आहे.

विद्यार्थी मित्रहो, उद्या सकाळी शाळेची घंटा वाजेल तेव्हा तिच्यात ते आठ टोल ऐकण्याचा प्रयत्न करावा. कोणाचा तरी पहारा संपत असतो, आणि कोणाचा तरी सुरू होत असतो.